पितापुत्र, छप्पर आणि विनोद

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’तील विनोदाचा उगम कोकणी स्वभावाच्या तिरकसपणात शोधण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. परंतु स्वभाव हेच स्पष्टीकरण मानले, की संहितेच्या रचनेकडे पाहण्याची गरज उरत नाही. ती रचना एका परकीय तुलनेने स्पष्ट होऊ शकेल.

‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गाल्टन आणि सिम्प्सन या लेखकद्वयाची ‘स्टेप्टो अँड सन’ ही विनोदी मालिका बीबीसीवर अवतरली. लंडनमधला विधुर भंगारवाला आणि त्याचा प्रौढ, अविवाहित मुलगा एवढेच तिचे विश्व. पहिल्याच भागात मुलगा घर सोडण्यासाठी गाड्यावर सामान रचतो; बाप घोडा देत नाही आणि गाडा जागचा हलत नाही. मुलाला रडू कोसळते; बापच त्याला आत नेतो. मालिकेचा आकृतिबंध या प्रसंगात सामावला आहे. मुलगा खरोखरच गेला तर पुढचा भाग संभवत नाही. म्हणून येथील विनोद हा फसलेल्या प्रस्थानाच्या आवर्तनाचा विनोद होय. चि. वि. जोशी यांचे चिमणराव दूरदर्शनवर सहज रुळले, त्यामागेही एका छपराखाली नांदणारे कुटुंब होतेच.

रत्नागिरीत मात्र प्रस्थान फसत नाही. अंतूशेटचा मुलगा मुंबईला गेलेला आहे, पत्नी निवर्तलेली आहे. चाकरमानी मुलगा आणि गावी उरलेला बाप ही कोकणच्या अर्थव्यवहारानेच केलेली विभागणी. संवादातला दुसरा पक्षच नाहीसा झाल्यामुळे बापाची वाणी घराबाहेर पडते आणि भेटेल त्याला श्रोता करते. मुलाचा उल्लेख ओझरता आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. पण ते ओझरतेपणच अर्थपूर्ण आहे. घरात वीज घेतली तर उजेडात दारिद्र्यच दिसायचे, हा अंतूशेटचा युक्तिवाद रिकाम्या घराचा युक्तिवाद आहे. परदेशी निघालेल्या निवेदकाविषयी त्यांना वाटणारी काळजी पाहिली, म्हणजे मुलाची मोकळी जागा क्षणभर कोणी भरली होती हे कळते. तोही निघून जाणाराच असतो.

तिरकसपणाला स्वभाव म्हणताना आपण या ताटातुटीचे रूपांतर गमतीत करतो. ‘अंतू बर्वा’ वाचताना हसू आणि हुरहूर एकत्र येतात, याचे कारण त्या रिकाम्या जागेत आहे.