अरण्य आणि रान : मेनच्या शंभर मैलांचे वाङ्मय

१

प्रवासवर्णनाची खरी परीक्षा निर्जन प्रदेशात होते. जेथे नगरे आहेत, देवालये आहेत, बाजार आणि माणसे आहेत, तेथे लेखकाला विषय शोधावा लागत नाही. पाहिलेले नीट मांडले तरी वाचकाचे समाधान होते. पण जेथे दिवसामागून दिवस झाडी, दलदल, खडक आणि पाणी यांखेरीज काहीच समोर येत नाही, तेथे लेखकाची दृष्टी आणि त्याची भाषा एवढेच भांडवल उरते. अशा प्रदेशात त्याने काय पाहिले, यापेक्षा त्याला काय दिसले नाही, हेच पुष्कळदा अधिक बोलके ठरते.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातील एका भूभागाला या दृष्टीने वाङ्मयीन महत्त्व आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून सुमारे २,२०० मैल जाणारी ॲपलेशियन पाऊलवाट मॉन्सन या लहानशा गावातून बाहेर पडते आणि पेनॉबस्कॉट नदीच्या पश्चिम शाखेवरील एबॉल पुलापर्यंत सुमारे १०० मैल एकाही गावातून जात नाही. या टप्प्याला ‘हंड्रेड माइल विल्डरनेस’ असे नाव पडले आहे. किमान दहा दिवसांचा शिधा आणि पुरेशी सामग्री बरोबर असल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये, अशी सूचना देणारी पाटी मॉन्सनच्या बाजूला आहे. वाटेत चेअरबॅकची ओळ ओलांडावी लागते, पूल नसलेल्या ओढ्यांतून पाण्यात उतरून पलीकडे जावे लागते, तळ्यांच्या काठाने झाडांच्या मुळांवरून तोल सांभाळीत मैलोगणती चालावे लागते. व्हाइट कॅपच्या माथ्यावरून आकाश निरभ्र असल्यास कटाडिन दिसतो. सव्वापाच हजार फुटांहून थोडा उंच असलेला हा पर्वत म्हणजे संपूर्ण वाटेचा उत्तरेकडील शेवट.

या नावातील दोन शब्दांपैकी ‘शंभर मैल’ हा जवळजवळ खरा आहे. ‘विल्डरनेस’ या शब्दाविषयी तसे म्हणता येत नाही. कायद्याने घोषित झालेले हे अरण्य नव्हे. लाकूड आणि कागद यांचा धंदा करणाऱ्यांनी येथील वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या तोडले, ओंडके वाहून नेण्यासाठी नद्यांना बांध घातले. पुढे ओंडक्यांच्या मालमोटारींसाठी केलेले रस्ते या वाटेला आजही ठिकठिकाणी छेदतात. आणि त्या सर्वांच्या पूर्वीपासून हा पेनॉबस्कॉट लोकांचा मुलूख आहे. ‘कटाडिन’ हा शब्द त्यांचाच. सर्वांत थोर पर्वत, असा त्याचा अर्थ. ज्या भूमीतील पर्वताला, ओढ्याला, तळ्याला कोणीतरी आधीच नाव दिलेले आहे, ती निर्मनुष्य भूमी कशी? हा प्रश्न भूगोलाचा नाही. तो वाङ्मयाचा आहे. कारण या प्रदेशाला रिकामेपण दिले ते मुख्यतः पुस्तकांनी, आणि त्या रिकामेपणाविषयी पहिली शंका उपस्थित केली तीही एका पुस्तकानेच.

२

ते पुस्तक म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोचे ‘द मेन वुड्स’. ते १८६४ साली, म्हणजे थोरोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. यात १८४६, १८५३ आणि १८५७ या तीन प्रवासांवरील तीन निबंध आहेत. समीक्षकांनी यांपैकी पहिल्यावरच सर्वाधिक लक्ष दिले, ते स्वाभाविकही आहे. वॉल्डन तळ्याकाठी राहत असतानाच थोरो मेनला गेला, आज जेथे एबॉल पूल आहे त्याच परिसरात नदीकाठी उतरला, आणि तेथून कटाडिन चढू लागला. ढगांनी वेढलेल्या पठारापर्यंत तो पोचला. शिखर मात्र त्याला गाठता आले नाही. उतरताना एका उघड्या माळावर त्याला जे जाणवले, त्याच्या वर्णनात त्याचे गद्य एकाएकी तुटते. निसर्ग ही माता नव्हे, उद्यानही नव्हे. ही माणसाशी काहीही कर्तव्य नसलेली केवळ जडसृष्टी आहे, या जाणिवेने तो हादरतो, आणि आपण कोण, आपण कोठे आहोत, असे मूलभूत प्रश्न त्याच्या लेखणीतून उद्गारांच्या रूपाने बाहेर पडतात. निसर्गात ईश्वराची प्रसन्न खूण पाहणाऱ्या इमर्सनच्या शिष्याला हा धक्का होता, आणि त्या धक्क्याची प्रामाणिक नोंद म्हणून या उताऱ्याचे मोल मोठेच आहे.

पण हाच निबंध बारकाईने वाचला तर त्यातील रिकामेपणाला छेद देणाऱ्या कितीतरी नोंदी स्वतः थोरोनेच केल्या आहेत. खडकात भोक पाडून शिशाने पक्की केलेली लोखंडी कडी त्याला दिसते. एका पाइनच्या खोडावर बॉस्टनमधील तयार कपड्यांच्या दुकानाची जाहिरात चिकटवलेली दिसते. लाकूडतोड्यांच्या छावण्यांचे त्याने केलेले वर्णन तर एखाद्या पाहणी-अहवालाइतके नेटके आहे. वाट दाखवण्याचे कबूल केलेला लुई नेपच्यून हा पेनॉबस्कॉट मनुष्य वेळेवर येत नाही, आणि मंडळी त्याच्यावाचून पुढे जातात. या एका गैरहजेरीचे वाङ्मयीन परिणाम फार दूरवर पोचले आहेत. ज्याला त्या पर्वताचे नाव आणि त्या नावामागचे भय ठाऊक होते, तो बरोबर नव्हता. म्हणून पर्वत मुका राहिला. थोरोला जे विश्वाचे मौन वाटले, त्यात दुभाष्याच्या अभावाचाही वाटा होता.

दुसरा निबंध हा संक्रमणाचा आहे. १८५३ साली चेसनकुक तळ्याकडे जाताना मूस नावाच्या प्रचंड सांबराची शिकार त्याने पाहिली; तिच्या किळसेतून त्याचे चिंतन वृक्षांच्या हत्येकडे वळले. हा निबंध १८५८ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात आला, तेव्हा पाइन वृक्षालाही अमरत्व असेल असे सुचवणारे वाक्य संपादक जेम्स रसेल लोवेल यांनी गाळले आणि थोरो संतापला. एका वाक्यासाठी एवढा संताप का, याचे उत्तर तिसऱ्या निबंधात मिळते.

१८५७ च्या प्रवासात वाटाड्या होता जो पोलिस. ओल्ड टाउन येथे त्याचे घर होते, आपल्या लोकांत त्याला मान होता. प्रवासाच्या आरंभीच थोरो त्याच्याशी करार करतो, की आपल्याला जे ठाऊक आहे ते सारे आपण सांगू, त्याने त्याला ठाऊक असलेले सारे सांगावे. एका रात्री विझलेल्या शेकोटीजवळ थोरोला कुजलेल्या लाकडात पांढरा प्रकाश दिसतो. पोलिस त्याला त्या प्रकाशाचे आपल्या भाषेतील नाव सांगतो, आणि आपले लोक रानात असे प्रकाश कसे पाहतात, तेही सांगतो. थोरोला या वेळी विज्ञानाचे स्पष्टीकरण नको असते. हे वन ओस नाही, ते आपल्याइतक्याच सच्च्या जीवांनी गच्च भरलेले आहे, अशा आनंदाने तो भारावतो. कटाडिनच्या उतारावरील माणूस आणि हा माणूस यांच्यामध्ये केवळ अकरा वर्षांचे अंतर नाही. तेथे वस्तू होत्या आणि त्यांना नावे नव्हती. येथे नाव सांगणारा मनुष्य शेजारी आहे.

थोरोची दृष्टी पूर्णपणे निर्मळ झाली असे मात्र म्हणता येणार नाही. पोलिसचे मोडके इंग्रजी तो काहीशा कौतुकाने आणि काहीशा मिस्किलपणे टिपतो. ‘इंडियन’ या जातिवाचक शब्दाआड त्या माणसाचे व्यक्तित्व अधूनमधून झाकले जाते. तरीही पुस्तकाच्या परिशिष्टात वनस्पतींच्या याद्यांबरोबर पेनॉबस्कॉट शब्दांची यादी यावी, ही घटना लहान नव्हे. पहिला निबंध शैलीच्या दृष्टीने अधिक भव्य असेल. दृष्टीच्या दृष्टीने तिसराच अधिक पक्व आहे.

३

पुढील शतकात या प्रदेशातून पाऊलवाट आली. बेंटन मकाय यांनी १९२१ साली एका स्थापत्यविषयक नियतकालिकात तिची कल्पना मांडली, तेव्हा तिचे उत्तर टोक न्यू हॅम्पशरमधील माउंट वॉशिंग्टन हे होते, आणि वाटेवर माणसांची वसतिस्थाने व शेतीच्या छावण्या असाव्यात असा त्यांचा विचार होता. यंत्रयुगाने थकलेल्या माणसाला सहकारी जीवनाचा मार्ग दाखवणारी ती एक समाजयोजना होती. मेनचे सुपुत्र मायरन एव्हरी यांच्या आग्रहाने वाट कटाडिनपर्यंत पोचली, आणि १९३७ साली ती सलग झाली. मात्र छावण्या आणि शेती मागे पडली. उरली ती चालण्यासाठीची वाट.

ती एका दमात चालून गेल्याची पहिली नोंद अर्ल शॅफर यांची, १९४८ सालची. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा बालमित्र इवो जिमा येथे पडला होता. मनात साचलेले सैन्य चालून चालून बाहेर काढावे, या हेतूने ते निघाले. ‘वॉकिंग विथ स्प्रिंग’ हे त्यांचे पुस्तक साधे, रोजनिशीवजा आहे. त्यात चिंतनाचा आव नाही. अपरिचित माणसाने दिलेली न्याहारी आणि हरवलेली वाट यांना त्यात सारखेच स्थान आहे. त्यामुळे वाङ्मयगुणांत उणे असूनही ते एका बाबतीत सरस ठरते. शॅफर यांना एकांत हवा होता, पण त्यासाठी प्रदेश ओसाड असल्याचे भासवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

बिल ब्रायसन यांच्या १९९८ च्या ‘अ वॉक इन द वुड्स’ने ही वाट जगभर पोचवली. हे पुस्तक विनोदी म्हणून वाचले जाते. तथापि त्याचा गाभा मेनमधील पराभवात आहे. ब्रायसन आणि त्यांचा ‘कॅट्झ’ नावाने आलेला मित्र या शंभर मैलांत शिरतात, ओझे असह्य होऊन सामान फेकून देतात, मित्र वाट चुकतो, आणि एक रात्र परस्परांच्या काळजीत काढल्यानंतर दोघे टप्पा अर्धवट सोडून लाकूडवाहतुकीच्या रस्त्याने बाहेर पडतात. कटाडिन त्यांना लाभत नाही. शिखरावर संपणाऱ्या प्रवासकथांच्या परंपरेत, न जमल्याची ही सरळ कबुली ताजी वाटते. थोरोही शिखरावर पोचला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या अपयशाला एक कुळ लाभते.

या पुस्तकाचे वैगुण्य निराळ्याच ठिकाणी आहे. जंगल-खात्याचे धोरण, वृक्षांचे रोग, नष्ट झालेले पक्षी यांविषयी ब्रायसन आस्थेने आणि माहितीने लिहितात. परंतु मेनच्या झाडीत शिरल्यावर ती त्यांच्या लेखी माणसाला गिळणारी एक पोकळी होते. ज्या रस्त्याने त्यांची सुटका होते तो कोणी केला, कोणासाठी केला, त्या कष्टांचा इतिहास काय, हे प्रश्न तेथे त्यांना पडत नाहीत. सुटकेचा रस्ता हाच त्या पोकळीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा असतो, आणि तो विनोदात विरून जातो. विल्यम क्रोनन या इतिहासकाराने १९९५ सालीच दाखवून दिले होते, की माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग ही कल्पना स्वतःच माणसाची, आणि तीही शहरी माणसाची, निर्मिती आहे. ब्रायसन यांचे हास्य शहरी माणसाला चिमटे काढते. त्याच्या या कल्पनेला मात्र ते हात लावत नाही.

भारतीय वाचकाला येथे विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३९ साली ग्रंथरूपाने आलेल्या या बंगाली कादंबरीचा निवेदक सत्यचरण बिहारमधील जंगल-महालाचा व्यवस्थापक असतो. तो त्या वनाच्या सौंदर्याने वेडावतो आणि त्याच हातांनी ते कुळांना वाटून देतो. रानात गुपचूप फुलझाडे लावणारा युगलप्रसाद, राज्य गमावलेला आदिवासी राजा दोबरू पन्ना, त्याच्या कुळातील भानुमती ही सारी माणसे आपल्या नावांनिशी त्या वनात उभी आहेत. वनाचा विनाश आणि वनातील माणसे एकाच दृष्टिक्षेपात पाहणे शक्य आहे, हे या कादंबरीने सिद्ध केले आहे. ब्रायसन यांच्या पुस्तकात नेमका हाच दृष्टिक्षेप नाही.

४

या वाङ्मयाचा मराठी अनुवादक ‘विल्डरनेस’ या शब्दापाशी थांबल्याखेरीज राहणार नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ हिंस्र पशूंचे ठिकाण असा होता. १९६४ च्या अमेरिकन कायद्याने त्याची व्याख्या करताना माणसाला तेथे केवळ पाहुणा मानले, जो येतो पण राहत नाही. त्याला जवळचा शब्द म्हणून ‘अरण्य’ सहज सुचतो. ‘अरण’ म्हणजे परके, दूरचे, त्यावरून अरण्य. वैदिक वाङ्मयात ग्रामाच्या विरुद्ध अरण्य उभे असते. अंतराची ही भावना कटाडिनच्या उतारावरील थोरोला तंतोतंत लागू पडते.

परंतु याच ‘अरण्य’ शब्दाने प्राकृताच्या वाटेने मराठीत येताना ‘रान’ हे रूप घेतले, आणि अर्थाने किती मोठा प्रवास केला! शेतकरी ‘रानात’ जातो तो परक्या मुलखात नव्हे, आपल्या शेतात. रान नांगरले जाते, रानात गुरे चरतात, रानभाजी ताटात येते. रानात भीती आहे, तसा राबताही आहे. जो शब्द संस्कृतात दूरत्वाचा होता, तो मराठी माणसाच्या पायाखाली येऊन परिचयाचा झाला. इंग्रजीला ज्या दोन अनुभवांसाठी एकाच शब्दावर भागवावे लागते, त्यांना मराठीत दोन शब्द आहेत, आणि ते मुळात एकच आहेत.

दुर्गा भागवत यांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले, तेव्हा थोरो आपल्या भाषेत प्रथम तळ्याकाठचा चिंतक म्हणून परिचित झाला. ‘द मेन वुड्स’ हातात घेणाऱ्या अनुवादकापुढील काम वेगळे आहे. पहिल्या निबंधात त्याने ‘अरण्य’ लिहावे, कारण तेथे लेखक परका आहे. तिसऱ्या निबंधात मात्र, पोलिस नाव उच्चारतो त्या क्षणापासून, ‘रान’ हाच शब्द यथार्थ होईल. सर्वत्र ‘अरण्य’ योजल्यास अनुवाद प्रौढ वाटेल, परंतु मूळ ग्रंथात लेखकाने अकरा वर्षांत कापलेले अंतर पुसले जाईल, आणि ती भूमी कोणाची नव्हती हा समज मराठी वाचकाकडे निःशंकपणे संक्रांत होईल. शब्दाची निवड ही येथे शैलीची बाब राहत नाही. ती साक्षीची बाब होते.

मॉन्सनची पाटी वाटसरूला शिधा मोजून घ्यायला सांगते, आणि ते योग्यच आहे. त्या टप्प्यावर भूक आणि थंडी खरी आहे. पण त्या प्रदेशाविषयी लिहिणाऱ्याकडून आणखी एका तयारीची अपेक्षा ठेवली पाहिजे. ज्या भूमीतून आपण चालतो आहोत तिला आधी कोणी नाव दिले, हे विचारण्याची ती तयारी. शॅफर यांच्याजवळ ती सौजन्याच्या रूपाने थोडीशी होती. ब्रायसन यांच्याजवळ विनोद होता, पण ती नव्हती. थोरोला ती तिसऱ्या फेरीत लाभली, आणि ‘द मेन वुड्स’चे स्थान या सर्व वाङ्मयात आजही अग्रभागी आहे ते त्यामुळेच.