नामांतराचा इतिहास आणि श्रद्धेची परीक्षा

राजकीय इतिहासातील श्रद्धेचे स्थान हा प्रश्न मराठवाड्यात नामांतर आंदोलनाला वगळून विचारता येत नाही. या आंदोलनावर विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यातील एक पक्ष नामांतराला ‘भावनिक प्रश्न’ म्हणून बाजूस सारतो, तर दुसरा श्रद्धेचा केवळ गौरव करतो. परीक्षा दोघेही करीत नाहीत.

या परीक्षेची कसोटी पालि साहित्यात आहे. मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात केवळ परंपरेने चालत आलेल्या विश्वासाला ‘अमूलिका सद्धा’ म्हटले आहे. वीमंसकसुत्तात प्रत्यक्ष तथागतांचीही परीक्षा करून उपजणाऱ्या श्रद्धेला ‘आकारवती’, म्हणजे सकारण, म्हटले आहे.

अमेरिकेच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. तेथे एकाच बायबलच्या आधारे गुलामगिरीचे समर्थनही झाले आणि विरोधही. या प्रश्नावरून १८४४ साली मेथडिस्ट चर्च दुभंगले व १८४५ साली दक्षिणेतील बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांच्या संघटनेने १९९५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. उलट १९५५-५६ च्या माँटगोमेरी बस-बहिष्काराला बळ मिळाले ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच. तेव्हा धर्माच्या नावावरून काहीच ठरत नाही. श्रद्धा कोणत्या कारणासाठी उभी राहिली, हे पाहावे लागते.

नामांतरामागे असे कारण होते काय? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. त्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले, तेही नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ज्यांच्यामुळे शिक्षणाचे दार उघडले त्यांचे नाव मागणे ही सकारण श्रद्धाच होय. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ-ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यांत मारले गेले. ते मातंग समाजातील होते. ‘एका जातीची भावना’ हे स्पष्टीकरण येथेच कोसळते.

परंतु आपल्या लेखनाचीही परीक्षा व्हावयास हवी. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यांच्या त्यागाविषयी कृतज्ञता योग्यच आहे. मात्र अनेक स्मरणलेखांत मृत्यूचीच स्तुती होते. विनयातील तिसरा पाराजिक नियम भिक्खूला मरणाची प्रशंसा करण्यासही मनाई करतो. गृहस्थ लेखकाला तो नियम लागू नसला तरी त्यामागील करुणा लागू आहेच. ज्या व्यवस्थेने सोळा वर्षे विलंब केला तिला जाब न विचारता ज्वाळांचे वर्णन करणे हे इतिहासलेखन नव्हे.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्याने नांदेड-लातूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर आज ते नाव नसते. त्यांना केवळ हुतात्म्यांची नामावली देऊन भागणार नाही. ते नाव का मागितले गेले, याची कारणे त्यांच्यासमोर साधार मांडणे हे आपल्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.