आधी भाकरी, मग नाव

मंडळी, आजचा विषय होमरच्या महाकाव्यातला अतिथी. पण सुरुवात आम्ही आपल्या नगर जिल्ह्यातूनच करणार आहोत, शिर्डीपासून. दर्शनाला नव्हे, वाचायला.

गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांचं 'श्रीसाईसच्चरित' आपल्याकडे पारायणासाठी उघडतात. साहित्य म्हणून ते फारसं कुणी वाचत नाही, आणि हे आम्हाला बरं वाटत नाही. त्याच्या पाचव्या अध्यायात एक प्रसंग आहे. धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या घरचं वऱ्हाड शिर्डीत येतं, खंडोबाच्या देवळाजवळ गाड्या सुटतात, आणि त्यांच्यासोबत आलेला एक तरुण फकीर खाली उतरतो. म्हाळसापती हा त्या खंडोबाचा पुजारी, जातीने सोनार. त्याने या अनोळखी माणसाला पाहिलं आणि 'या साई' म्हणून स्वागत केलं. पुढे तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आता बघा, पाहुण्याने स्वतःचं नाव सांगितलंच नाही. त्याचं गाव, आईबाप, धर्म यांवर आजही लोक वाद घालतात. जगाला ठाऊक असलेलं नाव मुळात स्वागताचा शब्द आहे, म्हणजे यजमानाने दिलेला.

हे डोक्यात ठेवून आता ओडिसीकडे या. ग्रीक भाषेत 'झेनोस' हा एकच शब्द परक्यालाही आहे आणि पाहुण्यालाही. सातव्या सर्गात ओडिसियस अल्किनूस राजाच्या वाड्यात शिरतो आणि चुलीपाशी राखेत जाऊन बसतो. सभा गप्प. शेवटी एक म्हातारा राजाला बोलतो, की परक्याला असं राखेत बसवणं शोभत नाही. मग राजा त्याला हाताला धरून उठवतो, आपल्या लाडक्या मुलाला खुर्चीवरून उठवून तिथे बसवतो, हातावर पाणी, जेवण. जेवण झाल्यावर अरीटी राणी विचारते खरं, तू कोण, कुठला. पण ओडिसियस बाकीचं सगळं सांगतो आणि नाव तेवढं टाळतो. कुणी हट्ट धरत नाही. नाव कळतं ते थेट नवव्या सर्गाच्या आरंभी, तेही दुसरा दिवस खेळात आणि गाण्यात गेल्यावर.

आणि होमरची खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या सर्गात नेस्टर हा म्हातारा राजा टेलेमाकसला विचारतो, तुम्ही कोण, कुठून आलात, व्यापारी की चाचे? नवव्या सर्गात एकडोळ्या पॉलिफीमस हाच प्रश्न विचारतो. अगदी त्याच ओळी, शब्दाला शब्द. फरक इतकाच, की नेस्टर पाहुण्यांचं पोट भरल्यावर विचारतो आणि पॉलिफीमस त्यांना पाहताक्षणी. होमरने राक्षसाला वेगळी भाषा दिली नाही, क्रम तेवढा उलटा केला. आमच्या मते यजमानाबद्दल होमरला काय वाटतं ते या एका गोष्टीत सगळं आलं. त्या राक्षसाला ओडिसियस आपलं नाव 'कुणी नाही' असं सांगतो. त्यावर तो म्हणतो, तुला सगळ्यात शेवटी खाईन, हीच तुला पाहुण्याची भेट!

आता आपलं काय? आम्ही वाढलो त्या वाड्यात दारात आलेल्याला 'रामराम पाव्हणं' व्हायचं, आणि लगेच दुसरं वाक्य, 'कंचं गाव? आडनाव काय?' आम्हाला लहानपणी तो जिव्हाळा वाटायचा. ओट्याच्या कोनाड्यात एक वेगळा पेला असायचा, तो कुणासाठी हे त्या उत्तरावर ठरायचं. पाणी सगळ्यांना मिळायचं हो, नाही म्हणत नाही आम्ही. पण नाव आधी, पाणी नंतर. पॉलिफीमसने आम्हाला घरचाच मानला असता.

शिर्डीतही सगळे म्हाळसापती नव्हते. दिव्याला तेल मागणाऱ्या फकिराला वाण्यांनी खोटंच सांगितलं, तेल नाही म्हणून. हे त्याच पाचव्या अध्यायात आहे. पण आठव्या अध्यायातली बायजाबाई पाहा. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानात, काट्याकुट्यांत हिंडते, फकीर सापडला की त्याला बळेबळे जेवू घालते. तो आला नाही म्हणून ती गेली. इतकं चालत जाणारा यजमान होमरमध्येही आम्हाला आढळला नाही.

एक तक्रार मात्र आहे, दोघांबद्दलही. ओडिसीच्या सतराव्या सर्गात मागणी घालणाऱ्यांपैकीच काही जण म्हणतात, देव परक्याच्या वेषात गावोगाव फिरत असतात, जपून वागा. सच्चरिताच्या नवव्या अध्यायात तर्खड बाई भुकेल्या कुत्र्याला भाकरी देतात, मग चिखलाने माखलेल्या डुकराला. नंतर बाबा म्हणतात की ती मलाच पोचली. सुंदर आहे, पण निसरडं आहे. पाहुणा देव निघणार हे ठाऊक असेल तर भाकरी देणं हा फायद्याचा व्यवहार झाला. दाभोळकर लिहायला बसले तेव्हा त्यांना पाहुणा कोण ते पुरतं माहीत होतं, त्यामुळे त्यांची बायजाबाई पहिल्यापासून भक्त दिसते. ती रानात गेली त्या दिवशी गावाला तो वेडा फकीर वाटत होता. ओवीच्या गोडव्यात ती जोखीम हरवते.

होमर इथे जास्त कठोर आहे. चौदाव्या सर्गातला युमीअस, डुकरं राखणारा गुलाम. भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसवर कुत्री धावतात, तो दगड मारून ती हाकलतो, झोपडीत नेतो, बसायला बकऱ्याचं कातडं, जेवायला डुकराचं मांस. जेवण झाल्यावर विचारतो, कोण तू? ओडिसियस चक्क थाप मारतो, मी क्रीटचा. तुझा धनी परत येतोय असंही सांगतो, आणि हे तर खरं असतं! युमीअस त्यावर विश्वास ठेवत नाही. उगाच खोटं कशाला बोलतोस, असं तोंडावर ऐकवतो.

म्हणजे समोरचा माणूस त्याच्या लेखी देव तर नाहीच, सरळ लबाड आहे. बाहेर पाऊस, वारा. युमीअस शेकोटीजवळ अंथरूण घालतो, स्वतःचा जाड झगा त्या लबाडाच्या अंगावर टाकतो, आणि आपण बाहेर डुकरांजवळ झोपायला जातो.