व्यंगचित्राचा रोख

व्यंगचित्राला वाङ्मयाच्या पंक्तीत पान मांडावे की नाही, याविषयी आपले टीकाकार नेहमीच संकोचत आले आहेत. राज्यकर्त्यांना मात्र असा संकोच कधी पडला नाही. फ्रान्सच्या १८३० च्या सनदेने मते छापण्याचे स्वातंत्र्य दिले. तरी १८३५ च्या सप्टेंबरमधील कायद्यांनी चित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातलेच. लेख हे मत होय, पण डोळ्यांना चेतविणारे चित्र हे कृत्य होय, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. अक्षरशत्रूलाही चित्र वाचता येते, हे खरे भय!

ते निराधार नव्हते. १८३१ च्या खटल्यात शार्ल फिलिपाँ याने राजा लुई-फिलिप याचा चेहरा पायरीपायरीने नासपतीचे फळ कसा होतो, हे चार चित्रांत न्यायालयालाच काढून दाखविले आणि साम्य हा अपराध असेल तर फळालाही शिक्षा करणार काय, असा प्रश्न केला. ओनोरे दोमिए याने गरिबांचे कर टोपल्यांनी गिळणारा राक्षस म्हणून राजाला रंगविले आणि त्यापायी सहा महिन्यांची कैद ओढवून घेतली. यांत धैर्य आहेच; परंतु आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो चित्राचा रोख. पॅरिसची पोरे भिंतींवर नासपती काढू लागली, तेव्हा ती एका माणसाचे गाल काढीत नव्हती. ती गादीच चितारीत होती.

हीच कसोटी घेऊन 'मार्मिक'कडे पाहावे. 'फ्री प्रेस जर्नल' सोडल्यावर बाळ ठाकरे यांनी काढलेल्या या साप्ताहिकाचे प्रकाशन १३ ऑगस्ट १९६० रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. (पुढे जो आपली टर उडविणार त्याच्याच आरंभाला मुख्यमंत्र्याने यावे, ही त्या काळची निरोगी खूण होय.) ठाकरे यांची रेषा डेव्हिड लो याच्या संस्कारातली, नेमकी आणि निर्भय. मंत्री आणि पुढारी तीत सापडले म्हणजे सुटत नसत. परंतु काही वर्षांतच रोख बदलला. 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या आणि चित्रांत लुंगीधारी दाक्षिणात्य अवतरला. बेकार मराठी तरुणाचा संताप खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. मात्र नासपतीत राजा होता, लुंगीत ठरावीक असा कोणीच नव्हता. म्हणून ती कोणालाही नेसवता येत होती.

हा भेद बोरगावसारख्या गावी विशेष जाणवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, तीही अमलात आली नाही. आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. येथील मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे. दिल्लीश्वरांवर आणि बंगळूरच्या सत्तेवर उठलेली रेषा ते गाऱ्हाणे बोलून दाखविते. पण कन्नड माणूस म्हणजे येथे व्यंगचित्रातला नमुना नव्हे. तो बांधाला बांध लागलेला शेजारी आहे, आणि पुष्कळदा मराठीत भांडणारा!

बोरगावजवळच्याच भोज गावी १९२५ मध्ये शि. द. फडणीस यांचा जन्म झाला. त्यांची शब्दविरहित हास्यचित्रे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच कळतात. राजकारणापासून ते बव्हंशी दूर राहिले. ही पळवाट आहे असा आक्षेप कोणी घेतला, तर तो आम्ही सर्वस्वी नाकारणार नाही. त्यांच्या चित्राने कोणत्याही राजाची झोप उडाली नसती. परंतु हसे उत्पन्न करण्यासाठी त्यांना परभाषकाचा वेष उसना घ्यावा लागला नाही, याचीही नोंद टीकाकाराने करावयास हवी.

'मार्मिक'च्या त्या दशकातील चित्रांपैकी आम्हांस आजही जिवंत वाटतात ती मंत्र्यांची आणि पुढाऱ्यांची. त्यांतील प्रसंग विसरले गेले, तरी खुर्चीवरची ती ऐट ओळखू येते. लुंगीची चित्रे मात्र विद्यार्थ्यांपुढे ठेवताना शिक्षकाला आधी बराच खुलासा करावा लागेल, आणि तो करताना वर्गातील काही मुलांच्या नजरा त्याला चुकवाव्या लागतील.