साक्षीचा वाङ्मयप्रकार

कॅथी कॅरूथ यांच्या १९९६मधील विवेचनापासून आघातमीमांसेचा भर अनुभवाच्या अकथनीयतेवर राहिला आहे. आयर्लंडमधील माता-बालगृहांच्या चौकशी आयोगाचा २०२१चा अहवाल वाचताना ही भूमिका अपुरी पडते. तेथे सुमारे ५५० जणांनी गोपनीय समितीपुढे कथन केले होते. परंतु ते शपथेवर नसल्याने निष्कर्षांत त्याला पुराव्याचे मोल मिळाले नाही. हा निर्णय कायद्याचा खरा, पण तितकाच वाङ्मयप्रकाराविषयीचाही. अशा वेळी अकथनीयतेचा सिद्धान्त संस्थेच्याच सोयीचा ठरतो, असे मला वाटते. ट्यूम गावच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरिन कॉर्लेस यांनी कथन आणि पुरावा ही विभागणी त्याआधीच ओलांडली होती. गावातील आठवणींचा माग काढत त्यांनी तेथील गृहात १९२५ ते १९६१ या काळात दगावलेल्या ७९६ मुलांचे मृत्युदाखले मिळवले; दफनाच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. २०१७मध्ये त्या आवारात मानवी अवशेष सापडल्याचे आयोगाने जाहीर केले.