लघुदाब वीजपुरवठ्यातील खरखर : रूढ उपायांची चिकित्सा

बारा व्होल्ट वा त्याहून कमी दाबाच्या वीजपुरवठ्यात खरखर आढळली की मोठा कंडेन्सर बसवावा, हा परिपाठ प्रयोगशाळेत आणि दुरुस्तीच्या दुकानात सारखाच रूढ आहे. या परिपाठाचा मूळ दोष असा की, रिपल, बाहेरून प्रवर्तित झालेली घरघर आणि दाबाची क्षणिक उसळी या तीन भिन्न गोष्टी तो एकच मानतो. निदानच चुकल्यावर उपचार यशस्वी झाला तरी तो योगायोगच ठरतो.

मीरा रोडचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. बोरिवली ते विरार या टप्प्याचे विद्युतीकरण १९३६ साली १५०० व्होल्ट एकदिश दाबावर झाले. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गाचे रूपांतर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबात पूर्ण झाले. रुळांलगतच्या वस्तीत उपकरण घरघरू लागले की त्याचे खापर रेल्वेच्या तारेवर फोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वारंवारता पाहिल्यावाचून असा निर्णय देता येत नाही. समांतर गेलेल्या लांब तारेत रेल्वेच्या प्रवाहामुळे जे प्रवर्तन होते ते मुख्यतः ५० हर्ट्‌झचे, आणि त्यासोबत १५०, २५० अशा विषम पटींचे असते. पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर उरणारे रिपल मात्र १०० हर्ट्‌झचे असते. घरघर १०० हर्ट्‌झची असेल तर दोष पेटीतच शोधावयास हवा. ती ५० हर्ट्‌झची असली तरीही रेल्वे दोषी ठरत नाही. ब्रिजमधील एक डायोड तुटला, किंवा दोन ठिकाणी अर्थिंग होऊन वळसा निर्माण झाला, तरी हीच वारंवारता दिसते. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचे जोड गंजतात, हेही येथे विसरून चालणार नाही.

आता कंडेन्सरकडे वळू. १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर रिपलवर उत्तम उपाय होय. परंतु त्याच्या अंगी सुमारे २० नॅनोहेन्‌री प्रवर्तकत्व धरले, तर सुमारे ३६ किलोहर्ट्‌झच्या पुढे तो कंडेन्सरासारखा वागतच नाही. १० मेगाहर्ट्‌झला त्याचा विरोध सव्वा ओहम होतो. उलट ०.१ मायक्रोफॅरडचा लहानसा सिरॅमिक कंडेन्सर, १ नॅनोहेन्‌री प्रवर्तकत्व धरून, त्याच ठिकाणी सुमारे ०.१ ओहम विरोध दाखवितो. मात्र तो दहा सेंटिमीटर तारेच्या टोकाशी जोडला तर ती तारच सुमारे १०० नॅनोहेन्‌रीची भर घालते आणि सारा लाभ नाहीसा होतो. म्हणजे घटकाच्या आकाराइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न त्याच्या जागेचा आहे.

उसळीच्या बाबतीत रूढ मांडणी याहून सदोष आहे. १०० मिलिहेन्‌रीच्या रिलेतील ०.१ अँपिअर प्रवाह एका मायक्रोसेकंदात तुटला तर गणिताने १०,००० व्होल्ट येतात. प्रत्यक्षात ठिणगी व वेटोळ्याची धारिता यांमुळे दाब त्याच्या बराच खाली थांबतो, तरी ट्रान्झिस्टर जळावयास तोही पुरेसा असतो. येथे वेटोळ्यालगत बसविलेला एक उलटा डायोड मोठ्या कंडेन्सरापेक्षा अधिक काम करतो; त्याने रिले किंचित उशिरा सुटतो, ही त्याची किंमत. २३० व्होल्टच्या मुख्य तारेवरील व्हॅरिस्टर मोठा दाब सुमारे ७०० व्होल्टवर छाटतो. पाच व्होल्टच्या तारेचे संरक्षण त्यावर सोपविणे हा भ्रम होय.

सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे ती मापनाची चिकित्सा. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब अर्थ-तार स्वतःच अँटेनाचे काम करते, आणि पुरवठ्यात नसलेल्या उसळ्या पडद्यावर दिसतात. प्रोबचे टोक त्याच्याच अर्थ-चिमट्याला जोडून उपकरणालगत धरावे. तरीही उसळ्या दिसल्या तर त्या पुरवठ्याच्या नव्हेत. ही साधी कसोटी न लावता अनेक निष्कर्ष नोंदवहीत उतरतात, आणि पुढे त्यांवर प्रबंध उभे राहतात.

एवंच, रूढ उपाय सर्वस्वी त्याज्य नाहीत. त्यांचा क्रम उलटा आहे. प्रथम वारंवारता, मग प्रवाहाचा मार्ग आणि शेवटी घटक, या क्रमाने अध्यापन झाल्यास विद्यार्थ्यास यादी पाठ करावी लागणार नाही. त्यास कारण सापडेल.