यंत्राचा वाद आणि पूर्वपक्षाचे स्थान

१

मराठीत ‘वाद’ हा शब्द अनेक अर्थांचे ओझे वाहतो. भांडणालाही आपण वाद म्हणतो. न्यायालयातील दाव्यालाही वाद म्हणतो, आणि त्यातूनच वादी-प्रतिवादी ही जोडी आलेली आहे. विचारप्रणालीच्या नावामागेही हाच शब्द प्रत्ययासारखा लागतो: मार्क्सवाद, गांधीवाद. न्यायदर्शनाने मात्र या शब्दाची मर्यादा फार नेमकी आखली होती. परस्परविरोधी पक्ष मांडून चालणाऱ्या चर्चेचे तेथे तीन प्रकार सांगितलेले आहेत. ज्या चर्चेचे प्रयोजन तत्त्वनिर्णय, तो वाद. जिचे प्रयोजन विजय आणि त्यासाठी छल, जाती, निग्रहस्थान यांचाही आश्रय घेतला जातो, तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते, ती वितंडा. या तिहींपैकी आपल्या व्यवहारभाषेने ‘वितंडवाद’ तेवढा जपून ठेवला. हा योगायोग वाटला, तरी तो सूचक आहे.

आपल्या समीक्षेने कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांच्या संहितांचे बारकाईने विश्लेषण केले. वादात्मक गद्य मात्र बहुधा दोनच अंगांनी वाचले गेले. एक तर विचारांच्या इतिहासाचे साधन म्हणून, नाहीतर लेखकाच्या शैलीचा नमुना म्हणून. चिपळूणकरांच्या उपरोधाची किंवा आगरकरांच्या तर्ककठोरतेची आपण वाखाणणी करतो. परंतु त्यांच्या लेखनात प्रतिपक्ष कोणत्या रूपात उभा आहे, त्याला बोलू दिले आहे की केवळ बोलते केले आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वस्तुतः वादात्मक संहितेचा तो गाभ्याचा रचनाप्रश्न आहे. शास्त्रग्रंथांची परंपरा पूर्वपक्ष आधी आणि बळकट स्वरूपात मांडण्याची अपेक्षा करते, ती केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. पूर्वपक्ष दुबळा असेल तर सिद्धांतालाही बळ येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट वादाच्या आधारे करावयाचा आहे. यंत्र, व्यापार आणि राज्यसंस्था हे तीन विषय ज्यात एकमेकांत गुंतलेले आहेत, असा विसाव्या शतकातील आपल्याकडील महत्त्वाचा वाद म्हणजे गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मधून उभा केलेला आणि डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये ज्याला सर्वांत मूलगामी उत्तर दिले, तो वाद होय.

२

‘हिंद स्वराज’च्या जन्माची हकिगत सर्वश्रुत आहे. १३ ते २२ नोव्हेंबर १९०९ या दहा दिवसांत, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर ते गुजरातीत लिहिले गेले. उजवा हात थकला की गांधी डाव्या हाताने लिहीत. डिसेंबरात ते ‘इंडियन ओपिनियन’मध्ये दोन हप्त्यांत छापले गेले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी गांधींनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद बाहेर पडला.

वीस प्रकरणांच्या या पुस्तकात दोनच व्यक्ती बोलतात: ‘वाचक’ आणि ‘अधिपती’, म्हणजे संपादक. संवादरूपाचे समर्थन करताना गांधींनी इंग्रजी प्रस्तावनेत गुजराती भाषेच्या प्रकृतीचा आणि अवघड विषय मांडण्याच्या सोयीचा हवाला दिला आहे. सॉक्रेटिसाच्या न्यायासनापुढील भाषणाचे गुजराती रूपांतर त्यांनी आदल्याच वर्षी केले होते. त्यामुळे या रचनेचे मूळ प्लेटोत शोधण्याचा मोह होतो. पण प्लेटोच्या संवादांत प्रश्न विचारतो तो ज्ञानी, आणि उत्तरे देणारा हळूहळू निरुत्तर होत जातो. येथे क्रम उलटा आहे. विचारणारा शंकित, उत्तर देणारा निश्चयी. या बाबतीत ‘हिंद स्वराज’ आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाच्या अधिक जवळचे आहे. तथापि यातील नाते गुरु-शिष्यांचेही नाही. ते वर्तमानपत्राचा संपादक आणि त्याला पत्र लिहिणारा वर्गणीदार यांचे आहे. छापखाना आणि टपाल यांनी निर्माण केलेले हे नाते यंत्रयुगाचेच अपत्य होय. आशय यंत्राच्या विरोधात आणि आकृतिबंध यंत्राने दिलेला, असा हा ताण संहितेच्या रचनेतच आहे.

हा ताण लेखकाला अज्ञात होता काय? यंत्रांवरील एकोणिसाव्या प्रकरणात त्याचे उत्तर मिळते. गिरण्यांमुळे झालेली हानी, गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांची दुर्दशा, देशी गिरण्या वाढविण्यापेक्षा मँचेस्टरला पैसा जाऊ देणे कमी घातक हा धक्कादायक युक्तिवाद, हे सर्व झाल्यावर वाचक अचानक विचारतो की, तुमचे हे बोलणे यंत्रावरच छापले जाणार, त्याचे काय? न्यायशास्त्राच्या भाषेत हे निग्रहस्थान आहे. वादी येथे स्वतःच्याच विधानात सापडला आहे. अधिपती छलाचा आश्रय घेत नाही. विषावर कधी विषाचाच उतारा द्यावा लागतो, अशा आशयाचे उत्तर तो देतो. यंत्र जाता जाता स्वतःच्या त्यागाचा उपदेश करून जाईल, असे तो सुचवितो. विसंगती मान्य करून ती युक्तिवादात सामावून घेण्याचा हा क्षण या पुस्तकाचा वाङ्मयीन उत्कर्षबिंदू मानावा लागेल.

वाचक एरवीही बाहुला नाही. रेल्वेने प्लेग पसरतो आणि धान्य महागड्या बाजाराकडे ओढले गेल्याने दुष्काळ तीव्र होतो, असे अधिपतीने म्हणताच तो विचारतो की, सज्जनांना रेल्वेचा उपयोग सत्कार्यासाठी करता येणार नाही काय? रेल्वेनेच आपण एक राष्ट्र झालो, असा रोकडा आक्षेपही तो घेतो आणि अधिपतीला रामेश्वर, जगन्नाथ, हरद्वार या तीर्थयात्रांचा पुरावा पुढे करावा लागतो. संहितेबाहेरचे आक्षेपही पुस्तकाने लपविले नाहीत. १९१२ च्या आफ्रिकाभेटीत गोखल्यांना हे लेखन इतके अपरिपक्व वाटले की, हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी ते स्वतःच नष्ट करतील, असे भाकीत त्यांनी केले. ही गोष्ट महादेव देसाईंनी पुस्तकाच्याच १९३८ च्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. या सर्व गोष्टींचा विचार करता ‘हिंद स्वराज’ला जल्प म्हणता येणार नाही.

३

आणि तरीही या वाचकाकडे नीट पाहिले पाहिजे. तो कोण आहे? तो शिकलेला आहे, वर्तमानपत्र वाचतो, काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्यांविषयी अधीर आहे, इंग्रज जावेत पण त्यांची राज्यपद्धती, सैन्य आणि वैभव मात्र आपल्याकडे राहावे, असे त्याला वाटते. लंडनमध्ये गांधींना भेटलेल्या क्रांतिवादी तरुणांची छाया त्याच्यावर स्पष्ट आहे. त्याचे सर्व प्रश्न या एका भूमिकेतून निघतात. रेल्वे, वकील, डॉक्टर, पार्लमेंट आणि गिरणी ही प्रकरणांची यादी त्याच्याच वर्गाच्या वापरातल्या संस्थांची यादी आहे. गिरणीतील स्त्रिया येतात, त्या तृतीयपुरुषात आणि करुणेचा विषय म्हणून. त्यांच्यापैकी एकही अधिपतीला काही विचारत नाही.

याचा परिणाम युक्तिवादाच्या ऐन कण्यावर होतो. आपल्या पूर्वजांना यंत्रे शोधता आली असती, परंतु माणूस त्यांचा गुलाम होईल हे ओळखून त्यांनी हातापायांनी होईल तेवढेच काम करण्याचे ठरविले, असा अधिपतीचा दावा आहे. येथे एक साधा प्रश्न संभवतो: ठरविले कोणी, आणि हातपाय कोणाचे? गावगाड्यात मेलेली गुरे कोण ओढत होते, मैला कोण उचलत होते, वेठ कोणाकडून घेतली जात होती? वाचक हा प्रश्न विचारत नाही. तो अधिपतीला घाबरतो म्हणून नव्हे, हा प्रश्न त्याच्या अनुभवाच्या कक्षेतच नाही म्हणून. लेखकाने निर्माण केलेला पूर्वपक्ष कितीही प्रामाणिक असला, तरी तो लेखकाच्या परिचयाच्या परिघाबाहेर जाऊ शकत नाही. संवादरूपाची ही अंगभूत मर्यादा होय.

४

न विचारला गेलेला तो प्रश्न आंबेडकरांनी विचारला. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मागणाऱ्या १९४५ च्या ग्रंथातील गांधीवादावरील प्रकरणात यंत्राची चर्चा येते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: पशू आणि माणूस यांतील फरक संस्कृतीचा, संस्कृतीला फुरसत लागते, आणि सर्वांना फुरसत मिळणे यंत्राखेरीज शक्य नाही. यंत्रयुगाचे अनर्थ खरे आहेत; पण त्यांचे कारण खाजगी मालमत्तेला आणि वैयक्तिक नफ्याला पावित्र्य देणारी समाजरचना आहे. म्हणून बदलावयाची ती समाजरचना. यंत्राचा धिक्कार करणे हा उपाय नव्हे. ज्याच्याकडे फुरसत वंशपरंपरेने चालत आली, त्याला साधेपणाचा गौरव परवडतो. ज्याच्या वाट्याला केवळ श्रम आले, त्याला तो गौरव शिक्षेसारखा ऐकू येतो.

हे विधान पुस्तकी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, प्रवेश नव्हता. कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून घ्यावे लागे, आणि तो धोटा विटाळेल, अशी सवर्ण कामगारांची हरकत होती. अधिक वेतनाचे काम त्यामुळे त्यांना बंद होते. १९२८ च्या गिरणीसंपाच्या काळात आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याचा आग्रह धरला. म्हणजे यंत्र आले की जात जाते, असा भाबडा भ्रम त्यांना कधीच नव्हता. जात धोट्यापर्यंत पोहोचलेली त्यांनी पाहिली होती. यंत्र आणि त्याभोवतीची समाजरचना यांत त्यांनी केलेला भेद या अनुभवाशी जोडून वाचला पाहिजे.

आता रचनेचा प्रश्न. १९४५ चा ग्रंथ संवाद नाही. तो अभियोगपत्र आहे. ‘वाद’ शब्दाचा न्यायालयीन अर्थ येथे प्रबळ होतो. पुरावे आणि उलटतपासणी यांवर त्याची बांधणी झालेली आहे. १९२४ मध्ये गांधींनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले होते आणि शिवणयंत्राला अपवादही केले होते. आंबेडकरांच्या विवेचनाचा रोख मूळ यंत्रविरोधावर असल्याने या छटांना तेथे फारसा वाव मिळत नाही. मग याला जल्प म्हणावे काय?

असे म्हणण्यापूर्वी आंबेडकरांच्याच दुसऱ्या एका संहितेचे स्मरण ठेवले पाहिजे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींची ती टीका परिशिष्टात छापली आणि त्यानंतर आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचा सारांश नाही, विडंबन नाही, तर त्याचेच शब्द. ‘हिंद स्वराज’मधील पूर्वपक्ष लेखकाने रचलेला होता, येथे तो हयात प्रतिस्पर्ध्याच्या लेखणीतून आलेला आहे. पूर्वपक्षाची शास्त्रीय अपेक्षा आधुनिक मुद्रणव्यवहारात इतक्या काटेकोरपणे पाळली गेल्याची उदाहरणे फार नाहीत. ती पाळणारा लेखक आठ वर्षांनी अभियोगाची भाषा स्वीकारतो, तेव्हा दरम्यानच्या काळात चर्चेच्या कोणत्या वाटा बंद झाल्या, हे विचारणे अधिक उचित ठरेल.

तथापि समीक्षेने येथेही आपला प्रश्न सोडू नये. अभियोगपत्रात आंबेडकरांना थांबवून विचारणारा वाचक नाही. समाजरचना बदलेपर्यंत यंत्राचा लाभ ज्यांनी बळकावला, त्यांच्या हाती श्रमिकाचे काय होणार? जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव हळूहळू ओसाड झाले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि साचेखात्यात शिरू पाहणारा व त्याला अडविणारा असे दोघेही रस्त्यावर आले. हा प्रश्न आंबेडकरांच्या भूमिकेला खोडून काढत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा त्यांचाच मुद्दा तो पुढे नेतो. पण तो संहितेत यावयास हवा होता, आणि ‘हिंद स्वराज’मधील अधिपतीने कदाचित तो विचारला असता.

५

या विवेचनातून वादात्मक गद्याच्या समीक्षेसाठी काही निकष हाती येतात. प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट विधान संहितेत आहे काय, हा पहिला. स्वतःच्या भूमिकेतील विसंगती संहिता स्वतः उघड करते काय, हा दुसरा. या दोन्ही निकषांवर ‘हिंद स्वराज’ श्रेष्ठ ठरते. परंतु तिसरा निकष असा की, ज्यांच्या जगण्यावर या चर्चेचा निर्णय कोसळणार आहे, त्यांचा प्रश्न तेथे विचारला गेला आहे काय? या निकषावर १९४५ चे अभियोगपत्र, आपल्या सर्व कठोरपणासह, १९०९ च्या सौजन्यपूर्ण संवादाच्या पुढे जाते. सौजन्य हा वादाचा गुण आहे, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधीच ठरलेले असेल तर ते सौजन्य दोघांपुरतेच उरते.

हा निष्कर्ष वाङ्मयेतिहासापुरता नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. तरीही गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना माणसे गुदमरून मरतच आहेत. नव्या तंत्रज्ञानाने माणसाचे स्वत्व हिरावले जाईल काय, यावर आपल्याकडे हिरिरीने लिहिले जाते, आणि लिहिले जावेही. मात्र त्या लेखनाच्या रांगेत हा एक वाचकही उभा आहे: गटारात उतरण्यासाठी यंत्र का नाही, एवढेच त्याला विचारावयाचे आहे. आपल्या वादगद्यात त्याचा पूर्वपक्ष अद्याप लिहिला जावयाचा आहे.